कळ, नळी, दस्ता

बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नीलाद्री रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये, सातव्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलावर जुन्या सुती लुगड्याचा तुकडा अंथरला होता आणि त्यावर धातूचे तेरा लहानमोठे तुकडे मांडले होते. वीतभर लांबीची एक जाड पट्टी, मान वाकवलेला एक घोडा, दोन कमानी, पानासारखा वळलेला एक पोलादी पत्रा, खाचा पाडलेले दोन ठोकळे, पाच स्क्रू आणि दस्त्याच्या टोकाला बसणारी एक पितळी टोपी. ज्या तरुणाचे हे घर, तो चिप डिझाइनच्या कामावर आहे. मूळ घर जमखंडीकडचे. गावातला वाडा उतरवताना माळ्यावर तेलकट फडक्यात बांधलेले हे गाठोडे निघाले. आजीच्या वेळेपासून दर दसऱ्याला ते तलवारीशेजारी पाटावर मांडले जाई, हळदकुंकू लागे आणि पुन्हा माळ्यावर जाई. आजी सांगायची, ही टिपूची बंदूक. पण नळी नव्हती, लाकडी दस्ता नव्हता. होती ती फक्त कळ.

“काका, हे जोडता येईल का?” त्याने विचारले.

जोडता येईल की नाही, हे मला तेव्हा सांगता आले नाही. हे सगळे तुकडे एकाच बंदुकीचे आहेत का, हा त्याआधीचा प्रश्न. जुन्या शस्त्रांच्या बाबतीत लोकांची घाई नेमकी उलट्या टोकाने सुरू होते. तुकडे बसले, घोडा मागे गेला, खट्ट आवाज आला, की काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात तुकडे अलग आहेत, आतल्या बाजू दिसताहेत, हीच ती वस्तू वाचण्याची वेळ असते. एकदा जोडली की तिची पाने मिटतात.

थोडे शब्दांबद्दल. नळी आणि दस्ता आपल्याला ठाऊक असतात. ‘कळ’ म्हणजे बार पेटवणारे यंत्र, जे एका पट्टीच्या आतबाहेर बसवलेले असते आणि अख्खे दस्त्यातून बाहेर काढता येते. पट्टीबाहेर घोडा, त्याच्या जबड्यात गारगोटी. समोर पोलादी पान आणि त्याखाली रंजकाची वाटी. रंजक म्हणजे पेट घेण्यासाठी वाटीत टाकायची बारीक दारू. पट्टीच्या आत मोठी कमान, घोड्याच्या आसावरचा खाचांचा गोल तुकडा आणि त्या खाचेत अडकणारा अडसर. नळीच्या बुडाशी जे बारीक भोक असते, ज्यातून ठिणगी आतल्या दारूपर्यंत पोचते, त्याला आपल्याकडे बंदुकीचा कान म्हणत. नळीच्या टोकावर नेम धरायची माशी. दारू-गोळी ठासायचा तो गज. हे शब्द आता कोशात जाऊन बसले आहेत, पण काम करताना त्यांच्याइतके नेमके दुसरे सापडत नाहीत.

त्या तरुणाने पाचही स्क्रू एका वाटीत एकत्र टाकले होते. मी ते पाहून हळहळलो, आणि त्याला त्याचे आश्चर्य वाटले. त्याचे आश्चर्यही बरोबरच. त्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या सगळ्या जगाचा पायाच हा आहे, की एका मापाचे दोन तुकडे एकमेकांच्या जागी बसतात. १९७८ मध्ये कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगुरू या गावांच्या जमिनीवर, सुमारे ३३२ एकरांत, कर्नाटक सरकारच्या केऑनिक्सने ही वसाहत आखली, ती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी. पलीकडे बोम्मसंद्र आणि जिगणीला यंत्रभागांचे कारखाने. तिथे एका साच्यातून निघालेला दहा हजारावा तुकडा पहिल्यासारखाच असतो.

बंदुकीच्या दुनियेत ही कल्पना नवी असतानाची एक घटना नोंदलेली आहे. पॅरिसजवळच्या व्हॅन्सेनमध्ये ओनोरे ब्लां नावाचा कारागीर होता. अमेरिकेचा तेव्हाचा फ्रान्समधला वकील टॉमस जेफरसन १७८५ मध्ये त्याच्याकडे गेला. ब्लांने पन्नास कळींचे सुटे भाग वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून त्याच्यापुढे केले. जेफरसनने हाताला येतील ते तुकडे उचलून काही कळी स्वतः जोडल्या आणि त्या बिनतक्रार बसल्या. तो इतका थक्क झाला की ३० ऑगस्ट १७८५ च्या पत्रात त्याने हे मायदेशी कळवले. यात थक्क होण्यासारखे काय, हे समजले की जुनी बंदूक समजली. त्या काळात कळीचा प्रत्येक भाग कानशीने घासून त्याच्या शेजाऱ्याशी जमवलेला असे. एका बंदुकीचा अडसर दुसरीत बसत नसे, आणि बसला तरी नीट अडकत नसे. स्क्रूचे आटेसुद्धा प्रत्येक कारखान्याचे आपापले. आट्यांना एक ठरावीक माप असावे असा प्रस्ताव जोसेफ व्हिटवर्थने मांडला तो १८४१ मध्ये.

म्हणून कारागीर खुणा करत. स्क्रूच्या डोक्यावर किंवा टोकावर कानशीची एक रेघ, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन, आणि पट्टीच्या आतल्या अंगाला त्या त्या भोकाशेजारी तेवढ्याच रेघा. काही ठिकाणी रेघांऐवजी टोचलेले ठिपके, काही ठिकाणी रोमन आकडे. दस्त्याच्या लाकडात, नळी ज्या खोबणीत बसते तिच्या तळाशीही असे आकडे कोरलेले असतात आणि नळीच्या पोटाशी त्यांचा जोड सापडतो. बंदूक मिटलेली असताना यातले काहीच दिसत नाही. मी भिंग घेऊन वाटीतले पाच स्क्रू बघितले. एकावर एक रेघ, एकावर दोन, एकावर तीन, एकावर चार. पाचवा कोरा होता.

बोम्मसंद्रच्या एका कारखान्यात त्या तरुणाचा मित्र आहे. तो संध्याकाळी पिवळ्या मार्गिकेच्या मेट्रोने आला आणि येताना आटे मोजायच्या पट्ट्यांचा जुडगा, म्हणजे थ्रेड गेज, घेऊन आला. रेघांच्या चारही स्क्रूंना एकही पट्टी धड बसली नाही, ना मिलिमीटरची, ना इंचाची. कोऱ्या पाचव्याला मिलिमीटरची पट्टी पहिल्याच प्रयत्नात चपखल बसली. कधीतरी, बहुधा गेल्या साठ-सत्तर वर्षांत, कुणीतरी बाजारातला स्क्रू आणून ही कळ पुन्हा उभी केली होती. हे कळायला अर्धा तास लागला. तो स्क्रू फेकून द्यायचा नाही, हे मी मुद्दाम सांगितले. वेगळ्या पाकिटात चिठ्ठी लावून ठेवायचा. तोही त्या वस्तूच्या आयुष्याचाच भाग आहे.

आता ओळख पटवण्याकडे येऊ. ठासणीची कुठलीही जुनी बंदूक हातात आली की पहिला प्रश्न हा, की ती पेटायची कशी. तीन उत्तरे आहेत: तोड्याने, गारगोटीने किंवा टोपीने. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली, सावकाश धुमसणारी दोरी, म्हणजेच जामगी. भारतातल्या तोड्याच्या बंदुकीत जामगी धरणारा चिमटा दस्त्यातल्या फटीतून वर येतो आणि नेमबाजापासून दूर, पुढच्या दिशेने वाटीकडे झुकतो. युरोपातल्या बहुतेक तोडेदार बंदुकांत तो नेमबाजाकडे, मागे येतो. नळी बहुधा स्क्रूने नव्हे, चामड्याच्या वादीने किंवा तारेने दस्त्याला आवळलेली असते. कळ म्हणून काढून दाखवावा असा वेगळा भाग तिच्यात नसतो. त्यामुळे टेबलावरची वस्तू तोडेदार नाही, हे एका नजरेत ठरले.

या तोड्याच्या बंदुकीच्या इतिहासात आपल्या किनाऱ्याचे स्थान मोठे आहे, आणि ते फारसे सांगितले जात नाही. पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतला तेव्हा तिथे बंदुका घडवणारे कसबी लोक आधीच होते. त्यांचे काम त्याला इतके पसंत पडले की १५१३ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिताना त्याने त्यांची तुलना तेव्हा नावाजलेल्या बोहेमियातल्या कारागिरांशी केली. गोव्यात पोर्तुगीज आणि स्थानिक कसबातून जी घडण तयार झाली, तिचे नातेवाईक श्रीलंका, मलाया आणि जपानपर्यंत सापडतात, असे शस्त्रांचे अनेक अभ्यासक मानतात. जपानी बेटावर १५४३ मध्ये उतरलेली पहिली बंदूक याच कुळातली असावी, हा त्यातला तर्क.

गारगोटीची बंदूक, जिला चकमकीची किंवा चापाची बंदूक म्हणत, ती आपल्याकडे अठराव्या शतकात पलटणींबरोबर पसरली. तोडा स्वस्त, दुरुस्तीला सोपा आणि गावच्या लोहाराच्या हातचा. म्हणून तो गेला नाही, शेजारी नांदत राहिला. टोपीची बंदूक आली एकोणिसाव्या शतकात. १८०७ मध्ये स्कॉटलंडच्या फोर्साइथने आघाताने पेटणाऱ्या द्रव्याचे पेटंट घेतले, मग तांब्याच्या बारीक टोप्या निघाल्या, आणि १८४० च्या सुमारास इंग्रजी पलटणींनी गारगोटी सोडायला सुरुवात केली. तेव्हा हजारो गारगोटीच्या कळी टोपीसाठी बदलून घेतल्या गेल्या. वाटी काढली, पान काढले, त्यांची भोके लोखंडाच्या खुंट्या ठोकून बुजवली. आडव्या उजेडात पट्टी धरली की बुजवलेल्या भोकांची वर्तुळे आजही दिसतात. याचे उलट रूपही बाजारात भेटते. गारगोटीच्या बंदुकीला भाव जास्त, म्हणून टोपीची केलेली बंदूक नवे पान आणि नवी वाटी लावून पुन्हा गारगोटीची केली जाते. वर्तुळे दिसली आणि तरी त्याच जागी पान बसवलेले असले, तर पान शंकास्पद.

टेबलावरच्या पट्टीत बुजवलेले भोक नव्हते. ती जन्मापासून गारगोटीची होती.

मग आजीच्या टिपूचे काय? दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात किती घरांत टिपूची तलवार आणि टिपूची बंदूक आहे याची गणती नाही. यातली एखादी खरी असूही शकते. श्रीरंगपट्टण ४ मे १७९९ ला पडले तेव्हा विजेत्यांनी केलेल्या मोजदादीत ९२९ तोफा आणि लाखाच्या आसपास हातबंदुका होत्या. त्या कुठे कुठे पांगल्या ते कोण सांगणार? त्यांतल्या बहुतेक साध्या शिपायांच्या होत्या. पण टिपूच्या कारखान्यातल्या बंदुकांइतक्या बोलक्या खुणा भारतातल्या दुसऱ्या कुठल्याच दरबाराच्या शस्त्रांवर नसतील, म्हणून हा दावा तपासता येतो.

सगळ्यांत आधी शोधायची ती वाघाच्या अंगावरच्या पट्ट्याची खूण. तिला बबरी म्हणतात. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती, किंचित नागमोडी. ती नळीवर, कळीवर, दस्त्यावर, कापडावर, टिपूच्या सगळ्या वस्तूंवर दिसते. उंची बंदुकांत घोड्यालाच वाघाचा आकार दिलेला असतो. कळीवर किंवा नळीवर हैदरच्या नावाची फारसी लिपीतली मोहर असते. कारागिराचे नाव आणि कारखान्याचे गाव असते. पट्टण लिहिले की श्रीरंगपट्टण समजायचे. या कारखान्यांना तारामंडळ म्हणत, आणि श्रीरंगपट्टण, चित्रदुर्ग, नगर यांच्याबरोबर बंगळूरलाही एक होते. शहराच्या जुन्या पेठेत तारामंडलपेट हे नाव अजून टिकून आहे. सिटी मार्केटजवळून जाताना मी दर वेळी ती पाटी वाचतो.

खरी गंमत सालात आहे. टिपूने १७८७ च्या सुमारास स्वतःची कालगणना सुरू केली, मौलूदी. ती पैगंबरांच्या जन्मापासून मोजायची, आणि आकडे उजवीकडून डावीकडे लिहायचे. फारसी-अरबी लिपी उजवीकडून चालते, पण तिच्यातले आकडे आपल्यासारखेच डावीकडून वाचतात. टिपूने तेही उलटवले. त्यामुळे १२१५ हे मौलूदी साल त्याच्या नाण्यांवर आणि शस्त्रांवर आपल्या डोळ्यांना ५१२१ दिसते. ते उलटे वाचून त्यात ५७२ मिळवले की इसवी सन निघतो, १७८७. नकली वस्तू बनवणारा इथे हमखास चुकतो. एक तर तो हिजरी साल घालतो, नाही तर मौलूदी साल सरळ लिहितो. रॉबिन विगिंग्टन या इंग्रज संग्राहकाने आयुष्यभर टिपूची शस्त्रे जमवून १९९२ मध्ये त्यातल्या बंदुकांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. या खुणांचे वाचन अभ्यासकांच्या हाती नीट आले ते त्यामुळे. त्याचा संग्रह एप्रिल २०१५ मध्ये लंडनला लिलावात गेला तेव्हा साठ लाख पौंडांवर रक्कम उठली.

खुणांच्या जोरावर वस्तू ओळखली जाते, तशी जागेच्या जोरावरही. शिमोगा जिल्ह्यातल्या नगर इथे २००२ मध्ये एका कोरड्या विहिरीतून लोखंडी नळकांडी निघाली. बरीच वर्षे ती जुन्या तोफगोळ्यांसारखी काहीतरी म्हणून पडून होती. मग ती अग्निबाणांची आहेत हे ओळखले गेले. २०१८ मध्ये पुरातत्त्व खात्याने त्याच परिसरातली विहीर उपसली तेव्हा हजारावर नळकांडी वर आली, वीतभर किंवा त्याहून थोडी लांब, गंजलेली, आत दारूचे अवशेष असलेली. नगर हे टिपूच्या तारामंडळांपैकी एक, ही नोंद कागदावर आधीपासून होती. कागद आणि विहीर यांचा जोड लागला, तसा नळी आणि कळ यांचा लागावा लागतो.

आमच्या टेबलावर बबरी नव्हती, हैदरही नव्हता. पट्टीवर गंजाचा जाड थर होता आणि तो खरवडायचा मोह मित्राला होत होता. मी त्याला थांबवले. खोली अंधारी केली आणि मोबाइलचा दिवा पट्टीच्या कडेला, अगदी आडवा धरला. गंजातून रेघा वर आल्या. घोड्याच्या पुढे बदामाचा आकार, त्याच्या चार खणांत चार रोमन अक्षरे, माथ्यावर चाराच्या आकड्यासारखे चिन्ह. पट्टीच्या शेपटाकडे न वाचता येणारे नाव आणि १७९. चौथा आकडा गंजाने खाल्ला होता.

बदामाची ही खूण ईस्ट इंडिया कंपनीची. मालाच्या गाठोड्यांवर ती छापत, तीच हत्यारांवर उमटवत. १८०८ च्या सुमारास तिची जागा पुढचा पाय उचलून उभ्या असलेल्या, मुगुट धरलेल्या सिंहाने घेतली. तोवर कंपनीच्या कळींवर ठेकेदाराचे नाव आणि साल घालायची रीत होती. म्हणजे कळ १७९० च्या दशकातली, कंपनीची. ज्या बंदुकीतून ती आली असावी तिची नळी ३९ इंचांची, साधारण पाऊण इंच व्यासाची. कंपनीसाठी हा आखूड, स्वस्त नमुना १७७१ मध्ये विंडस नावाच्या अधिकाऱ्याने ठरवला. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर इंग्लंडच्या सरकारला हत्यारे कमी पडली, तेव्हा त्यांनी कंपनीसाठी तयार असलेल्या बंदुका उचलल्या आणि पुढे तोच नमुना आपल्या फौजेला दिला. ‘इंडिया पॅटर्न’ हे त्याचे नाव. नेपोलियनशी लढणाऱ्या इंग्रज शिपायाच्या खांद्यावर जी बंदूक होती, तिची घडण मुळात मद्रास-मुंबईच्या पलटणींसाठी झालेली होती.

घोडा मात्र त्या सालाशी जुळत नव्हता. १७९० च्या दशकातल्या घोड्याची मान हंसासारखी, नुसती वळलेली असते आणि ती नाजूक जागी तुटते. म्हणून पुढे मानेला आधार देऊन मधे भोक राहील अशी कडी घडवू लागले. इंग्रज सरकारी बंदुकांवर हा प्रकार १८०९ पासून दिसतो. टेबलावरचा घोडा कडीच्या मानेचा होता. पण त्याच्या चौकोनी भोकात आसाचे टोक घट्ट बसत होते आणि दोघांवरची झीज एकमेकांशी तंतोतंत जुळत होती. म्हणजे हा अलीकडे कुणी विकण्यासाठी लावलेला घोडा नव्हे. जुना तुटला, कुठल्या तरी शस्त्रागारात नवा बसवला, आणि त्यानंतरही ही बंदूक वर्षानुवर्षे वापरात होती.

संग्राहकांच्या बोलीत एका बंदुकीची कळ दुसरीच्या दस्त्यात बसवली की तिचे लग्न लावले असे म्हणतात. या शब्दात थोडी निंदा आहे, पण मला दोन प्रकारची लग्ने वेगळी ठेवावीशी वाटतात. एक गरजेचे. पलटणीतला लोहार, संस्थानचा शस्त्रागारवाला, गावचा सुतार, यांनी बंदूक चालू राहावी म्हणून जोडलेले भाग. आग्ऱ्याला महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी सँगस्टर नावाचा स्कॉट माणूस युरोपी धर्तीच्या बंदुका सुमारे दहा रुपयांत घडवून देई. अशा बंदुकांत इंग्रजी भागांच्या जोडीला देशी भाग सहज मिसळत. हा इतिहासच आहे. दुसरे लग्न विक्रीसाठी लावलेले. तिथे पट्टी ओतीव असते आणि भिंगाखाली बारीक छिद्रांची जाळी दिसते. गंज आम्लाने चढवलेला, म्हणून सगळीकडे सारखाच. खऱ्या वस्तूवर हात लागायच्या जागा गुळगुळीत आणि कोपरे खरबरीत असतात. नकलेवरची इंग्रजी अक्षरे उलटी किंवा चुकीची कोरलेली असतात, कारण कोरणाऱ्याला ती वाचता येत नसतात. वायव्य सरहद्दीवर तर पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा चालला.

१७९ नंतरचा आकडा गेला होता, आणि त्या रिकाम्या जागेत काय काय बसवता आले असते! सप्टेंबर १७९० पासून परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज आणि कॅप्टन लिटलची मुंबईकर तुकडी यांनी मिळून टिपूच्या धारवाडला वेढा घातला. तो किल्ला एप्रिल १७९१ पर्यंत झुंजला. त्याच वर्षी मार्चमध्ये इंग्रज गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसने बंगळूर घेतले, आणि जुलैत त्याची फौज होसूरवर चालून गेली, म्हणजे जिथे आज इलेक्ट्रॉनिक सिटीचा उड्डाणपूल आहे त्याच पट्ट्यातून. जमखंडी हे तर पुढे पटवर्धनांचेच संस्थान. गोष्ट जमून येते. तरुणाचे डोळे चमकलेही. पण कळीवर तसे काही लिहिलेले नाही. घोडा १८०९ नंतरचा आहे. कळ त्या घरात त्यानंतर कधीतरी आली, एवढेच ती सांगते. मी वहीत तेवढेच लिहिले.

मग नळी गेली कुठे? हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण दक्षिण महाराष्ट्र-उत्तर कर्नाटकाच्या त्या टापूत नळीविना कळी आणि कळीविना दस्ते अनेक घरांत आहेत. १८५७ मध्ये सरकारने हत्यारबंदीचा कायदा केला आणि त्याची अंमलबजावणी या भागात कडकपणे झाली. जमखंडीपासून लांब नसलेल्या, मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी हत्यारे द्यायला नकार दिला. नोव्हेंबर १८५७ मध्ये गावावर फौज आली, घरे जाळली, एकोणीस जणांना फाशी दिले. त्यांच्यावरचे कानडी पोवाडे अजून गायले जातात. पुढच्या वर्षी नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे उठले. त्यांच्या बंडामागेही दत्तक नाकारल्याच्या दुखण्याबरोबर हत्यारे काढून घेण्याचा घाव होता; जून १८५८ मध्ये त्यांना बेळगावात फाशी झाली. घरात बंदूक सापडणे जिवावरचे होते, तेव्हा नळी दाखवून जमा करायची, कळ काढून माळ्यावर ठेवायची, असे कुणी केले असेल तर ते समजण्यासारखे आहे. या घरात तसेच झाले असे मी म्हणत नाही. पण पट्टीच्या सांध्यांतले कुंकू दीडशे वर्षांच्या दसऱ्यांचे असू शकते, आणि नळी नसतानाही तिची पूजा कुणी थांबवली नाही, हे मात्र मी पाहिले.

आता कायदा. जुनी वस्तू आहे, म्हणून परवानगी लागत नाही, हा समज घातक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ४५ काही हत्यारांना सवलत देते: जुन्या घडणीचे, पुराणवस्तू म्हणून मोलाचे किंवा मोडके हत्यार, पण ते दुरुस्ती करून किंवा न करता, कुठल्याही तऱ्हेने बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. शेवटची अट सगळ्यांत मोठी. त्याच कलमात सुट्या किरकोळ भागांनाही सवलत आहे, जोवर ते पूरक भागांबरोबर वापरायचा हेतू नाही. म्हणजे गाठोड्यातली कळ आणि कुठून तरी मिळवलेली नळी एका दस्त्यात आणली, की कायद्याच्या नजरेत वस्तू बदलली. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने ‘क्युरिओ’ गटातली लहान हत्यारे नागरिकाला परवान्याशिवाय बाळगू दिली, पण ती वापरायला, नेआण करायला परवाना लागतोच. कुठली वस्तू कुठल्या गटात, हे ठरवण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचा. बंगळुरात तो पोलीस आयुक्तांचा, जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांचा. या तरुणाने मला बोलावण्याआधी छायाचित्रांसह अर्ज दिला होता, म्हणूनच मी त्याच्याकडे गेलो. शेजारच्या कोडगूत कोडवांना आणि जम्मा, म्हणजे वंशपरंपरागत, जमीनधारकांना इंग्रज काळापासून परवान्यातून सूट आहे आणि घरोघर जुन्या बंदुका दिसतात. ती सूट त्यांच्यापुरती आहे, ती पाहून आपल्याकडे अंदाज बांधू नये.

आणि ज्यांच्या घरी नळीसकट बंदूक आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते. ठासणीची बंदूक भरलेली असू शकते. बाहेरून ते ओळखता येत नाही, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर-दीडशे वर्षांनीही पेट घेते. नळीच्या तोंडापुढे कधी उभे राहू नये. एक लाकडी काठी अलगद आत घालून ती टेकते तिथे, तोंडाशी, खूण करावी आणि तीच काठी नळीच्या बाहेरून कानापर्यंत धरून पाहावी. काठी कानाच्या बरीच अलीकडे थांबत असेल तर आत काहीतरी आहे. मग हात लावायचा नाही, ठोकायचे नाही, तापवायचे नाही. पोलिसांना आणि जाणकाराला बोलवायचे.

आमच्या टेबलावर नळी नव्हती, म्हणून ती चिंता नव्हती. जोडणीचे म्हणाल तर आम्ही तसे फार थोडे केले. आधी प्रत्येक तुकड्याचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र काढले, शेजारी मोजपट्टी ठेवून. मऊ ब्रशने धूळ झाडली. सैल गंजावर तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर राहू दिला आणि सकाळी सुती कापडाने टिपला. तारेचा ब्रश, पॉलिश कागद, चिंच-लिंबू यांतले काही नाही. पितळी टोपी घासून लख्ख करायची त्या तरुणाच्या आईची इच्छा होती. तिच्या आतल्या बाजूला रोमन आकडा दिसला तेव्हा ती स्वतःच म्हणाली, “राहू दे बाई.” मोठी कमान आम्ही दाबलीच नाही, जुने पोलाद ताण सोसेल याचा भरवसा नसतो, आणि ती तुटली तर तिच्यासारखी दुसरी नाही. अडसर आणि कमान एका सपाट पेटीत, प्रत्येकाच्या आकाराचा फोम कापून, ज्या क्रमाने ते बसतात त्याच क्रमाने मांडले. पट्टीवर फक्त खाचेचा तुकडा, घोडा आणि पान बसवले. एक, दोन, तीन, चार रेघांचे स्क्रू आपापल्या भोकात बोटांनीच फिरत गेले, पेचकसाची गरज पडली नाही. पाचवे भोक रिकामे ठेवले.

चिठ्ठी त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिली. कंपनीची गारगोटीची कळ, १७९०–९९; घोडा नंतरचा, १८०९ च्या पुढचा; स्क्रू क्रमांक पाच आधुनिक, वेगळा ठेवला आहे; सांध्यांत कुंकू, काढू नये. त्याखाली थोडी जागा सोडून त्याने आणखी एक ओळ घातली: आजी हिला टिपूची बंदूक म्हणत असे. मग पेटीचे झाकण लावून त्याने ती देवघराच्या शेजारच्या कपाटात, तलवारीच्या खाली सरकवली. दसऱ्याला तीन आठवडे होते.